नोकरीच्या गावी ख्रिस्ती शिष्यत्वाची सुरुवात कशी करावी

गावाकडे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जायचं वेगळं ठरवावं लागत नाही. घंटा होते, आई हाक मारते, आपण जातो. संडे स्कूल, पाठांतराच्या स्पर्धा, नाताळचं नाटक, दृढीकरणाचा (बाप्तिस्म्यातला विश्वास पक्का करण्याच्या विधीचा) वर्ग हे सगळं आपसूक होत जातं. मग नगर, जालना किंवा वसईचा मुलगा पुण्याला नाहीतर बंगळूरला नोकरीला लागतो. सहा महिन्यांनी बघतो तर रविवार म्हणजे कपडे धुणं आणि दुपारपर्यंत झोप. विश्वास गेलेला नसतो, पण त्याला धरून ठेवणारी माणसं गावीच राहिलेली असतात.

हा लेख अशांसाठी आहे. नव्यानं विश्वासात आलेल्यांनाही तो उपयोगी पडेल. मी या वाटेनं गेलोय आणि प्रोटेस्टंट मंडळीत वाढलोय, त्यामुळे शब्द तिकडचे येतील. कॅथलिक पद्धत वेगळी असेल तिथं तसं सांगतो.

संदेशांचा तुटवडा कुणालाच नाही. मराठीत यूट्यूबवर सकाळ-संध्याकाळ नवे संदेश येत असतात आणि बसमध्ये ते ऐकता येतात. पण डोंगरावरच्या प्रवचनाच्या (मत्तय ५ ते ७) शेवटी येशू ज्या दोन माणसांची गोष्ट सांगतो, त्या दोघांनीही वचन ऐकलेलं असतं. एकाचं घर टिकतं ते त्यानं ऐकलेलं पाळल्यामुळे (मत्तय ७:२४–२७). म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये मी एकाच गोष्टीवर जोर देणार आहे: ऐकलेलं तुम्ही केलं की नाही, हे विचारणारं जिवंत माणूस तुमच्या आयुष्यात हवं.

काय काय लागेल

- कागदावर छापलेलं बायबल
- एक साधी वही (महागडी, कातडी बांधणीची नको, तीत लिहायला हात धजत नाही)
- गजराचं साधं घड्याळ
- बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला, मूळ आणि झेरॉक्स
- मूळ मंडळीच्या पाळकांचं (पास्टरांचं) बदलीपत्र

बायबल कुठलं घ्यावं, हा प्रश्न हमखास येतो. बायबल सोसायटीच्या जुन्या वळणाच्या ‘पवित्र शास्त्रा’तली वचनं आपल्या आज्यांना पाठ असतात आणि उपासनेतही बहुतेक ठिकाणी तेच वाचतात. पाठांतराला ते ठेवा. रोजच्या वाचनाला सोप्या मराठीतली आवृत्ती घेतली तर त्यात कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर केलं ते कमी शिकलेल्या बायकांना कळावं म्हणूनच. कॅथलिक घरांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ असतं. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं आणि कॅथलिक बायबलमध्ये ७३, हे माहीत असू द्या, म्हणजे दुकानात गोंधळ होणार नाही. पाच भाषांतरं शेजारी मांडून तुलना करायचा उद्योग मात्र पहिल्या वर्षी नको.

१. एक मंडळी ठरवा आणि तिथंच राहा

पहिली कसोटी अंतराची. ऐकायला उथळ वाटेल, पण जिथं पोचायला दीड तास लागतो तिथं पावसाळ्यात जाणं होत नाही, आणि आठवड्यात मधेच कुणी आजारी पडलं तर भेटायला जाणं तर नाहीच. घरापासून अर्ध्या तासाच्या आतली मंडळी साधी असली तरी चालेल.

दुसरी कसोटी व्यासपीठाची. उपदेशक शास्त्रातला उतारा उलगडून सांगतात, की एक वचन वाचून तासभर स्वतःच्याच गोष्टी सांगतात, ते बघा. तिसरी हिशेबाची. वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो का आणि पैशांवर एकापेक्षा जास्त माणसांचं लक्ष असतं का, हे कुणालाही सहज विचारता येतं. विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बदलला, तर उत्तर मिळालं.

संगीत, पडदे, लाइट, एसी यांवरून ठरवू नका. भाषेवरून मात्र जरूर ठरवा. ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोललात म्हणून पश्चात्तापही इंग्रजीत करायला हवा असं नाही. ‘उपासना संगीत’ या ख्रिस्ती गीतसंग्रहातलं कवी नारायण वामन टिळकांचं एखादं गीत पेटीवर सुरू झालं की ज्यांचा गळा दाटतो, त्यांनी मराठी उपासनेलाच जावं. शहरात तिची वेळ अनेकदा गैरसोयीची असते, आधी चौकशी करा.

दोन-तीन ठिकाणं पाहून घ्यायला हरकत नाही, पण महिन्या-दोन महिन्यांत थांबा. फिरत राहणाऱ्या माणसाला कुणी नावानं ओळखत नाही, आणि पुष्कळांना तेच हवं असतं.

रविवारी ड्यूटी असेल तर पाळकांना आधीच सांगा. बऱ्याच मंडळ्यांत आठवड्यात घरगुती प्रार्थना असते. कॅथलिकांसाठी शनिवार संध्याकाळची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) रविवारची म्हणून धरली जाते.

कागदांचं काम याच टप्प्यावर उरकून टाका. मूळ मंडळीकडे बदलीपत्राचा अर्ज द्या. तुमच्या नावावर वर्गणीची बाकी असेल तर ती तिथं निघते, ती भरा, वाद घालू नका. कॅथलिकांनी राहत्या भागातल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कार्यालयात नाव नोंदवावं. बाप्तिस्म्याची मूळ नोंद मात्र जिथं बाप्तिस्मा झाला त्याच चर्चच्या वहीत राहते आणि दृढीकरण, विवाह यांच्या नोंदीही तिथंच चढतात. लग्नाच्या वेळी या वहीतला नवा उतारा मागतात, साधारणपणे सहा महिन्यांच्या आतला. जुना लॅमिनेट केलेला दाखला तिथं चालत नाही.

२. वाचन मार्कपासून सुरू करा, उत्पत्तीपासून नको

एका वर्षात बायबल वाचायचा संकल्प १ जानेवारीला पुष्कळजण करतात. हिशेब सोपा आहे: ११८९ अध्याय, ३६५ दिवस, म्हणजे रोज तीन-चार अध्याय. उत्पत्ती मजेत जाते, निर्गम अर्ध्यापर्यंत जातं, मग निवासमंडपाचे (इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूचे) पडदे आणि कड्या येतात. लेवीय लागेपर्यंत गाडी थांबलेली असते, आणि पुढचं वर्षभर मनात अपराधीपणा राहतो. ही योजना मुरलेल्या वाचकांसाठी चांगली आहे. सुरुवातीला ती घेऊ नका.

मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, सोळा अध्यायांचं, अशा चार चरित्रांत सर्वांत लहान. एखाद्या सुट्टीच्या दिवशी ते एका बैठकीत मोठ्यानं वाचून काढा. दीडेक तास लागतो. एका बसणीत वाचलं की येशूचा वेग जाणवतो, शिष्य किती वेळा चुकीचं समजतात ते दिसतं, आणि शेवटचा आठवडा सुरू झाल्यावर गोष्ट कशी संथ होते तेही दिसतं. मग दुसऱ्या दिवसापासून रोज एकच प्रसंग घ्या. प्रसंग, पूर्ण अध्याय नव्हे.

हळू वाचण्याचा आग्रह मी उगाच धरत नाही. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशानं नवा करार दिला. ते वाचत मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी पोचले आणि तिथंच अडकले, डोंगरावरचं प्रवचन त्यांना पुढं जाऊ देईना. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. मोठ्या विद्वानाला जर तीन अध्यायांत थांबावं लागलं, तर आपण रोजचा कोटा संपवायची घाई का करावी?

वहीत तीन ओळी लिहायच्या. येशू इथं काय करतो? मला कुठं अडखळायला झालं? आज यातलं काय करायचं? दुसऱ्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्या. ‘अंजिराच्या झाडाला शाप का दिला ते पटलं नाही’ असं लिहिलं तर काही बिघडत नाही. तो प्रश्न पुढं चौथ्या पायरीत कामाला येतो.

मार्क झाल्यावर फिलिप्पैकरांस पत्र (चारच अध्याय), मग याकोब, मग उत्पत्ती बारापासून पन्नासपर्यंत, मग प्रेषितांची कृत्ये. प्रकटीकरण सध्या राहू द्या, त्यावरचे व्हिडिओ तर नक्कीच राहू द्या. आणि डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट पडेल ते वचन आजचं म्हणायचं, ही सवय असेल तर सोडा. नोकरी बदलण्यासारखे निर्णय तर त्यावर अजिबात घेऊ नका.

३. प्रार्थनेची जागा शोधा

पुस्तकांत लिहिलेलं असतं, ‘खोलीत जाऊन दार लाव.’ पीजीच्या खोलीत चार खाटा असतात, एकजण रात्रपाळीहून येऊन घोरत असतो आणि दाराला कडी नसते. जागेची अडचण खरी आहे, ती सोडवल्याशिवाय बाकी सल्ला फुकट. मार्कच्या पहिल्या अध्यायातही तेच दिसतं: आदल्या संध्याकाळी सारं गाव दाराशी गोळा झालेलं, म्हणून येशू पहाटे अंधारात उठून घराबाहेर एकांतात जातो. गच्ची, जिना, सोसायटीच्या बागेतला बाक, ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी गाडी, काहीही चालेल. चालत प्रार्थना करणाऱ्यांचं मन कमी भरकटतं, असा माझा अनुभव आहे.

सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. एक स्तोत्र वाचा. प्रभूच्या प्रार्थनेतली एकच मागणी घेऊन तिच्याभोवती बोला, आज ‘तुझे राज्य येवो’, उद्या रोजच्या भाकरीची. मग माणसांची नावं घ्या. सभेत ऐकलेली लांबलचक, चढ्या सुरातली प्रार्थना एकट्यानं करून पाहू नका.

रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटं दिवसाची उजळणी करा. ही पद्धत सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला यांची. आता त्यांच्या जेझुइट या कॅथलिक संघापुरती ती राहिलेली नाही, कुणीही वापरू शकतं. आधी देवाचा प्रकाश मागा, मग दिवसातल्या ज्या गोष्टीबद्दल आभार मानायचे ती आठवा, मग सकाळपासूनचा दिवस तासातासानं डोळ्यांपुढून जाऊ द्या, जिथं चुकलं तिथं क्षमा मागा, आणि उद्याच्या एका ठरावीक प्रसंगासाठी मदत मागा. ‘उद्या अकराच्या मीटिंगमध्ये जीभ आवर’ इतकं नेमकं.

४. विचारणारा माणूस मिळवा

सगळ्यांत अवघड पायरी हीच, आणि लोक हीच टाळतात.

मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे छोटे गट, म्हणजे ‘वर्ग’, कसे सुरू झाले ते ऐकण्यासारखं आहे. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या लोकांवर सभागृहाचं कर्ज होतं. ठरलं असं, की दर बारा जणांमागे एकानं आठवड्याला एकेक पेनी गोळा करायची. वसुलीला घरोघर गेल्यावर कळलं की कोण दारू प्यायलाय, कोण बायकोशी भांडतोय. रविवारच्या सभेत यातलं काहीच दिसलं नव्हतं. पैशांच्या वसुलीबरोबर दर आठवड्याला एकमेकांची खुशाली, आत्म्याची सुद्धा, विचारायची रीत पडली.

तुम्हाला बारा जणांची गरज नाही, एक पुरे. माणूस निवडताना इतकं पाहा: विश्वासात तुमच्याहून मुरलेला असावा, बाईनं बाई आणि पुरुषानं पुरुष निवडावा, ऑफिसातला वरिष्ठ नसावा, आणि पैशांचा कुठलाही व्यवहार दोघांत नसावा. व्यासपीठावरचा नामांकित माणूस शोधू नका. उपासना संपल्यावर खुर्च्या लावणारे काका किंवा रुग्णालयातून निवृत्त झालेल्या सिस्टर या कामाला पुष्कळदा जास्त लायक असतात. पहिल्या मंडळीतला अपुल्लो चांगला वक्ता होता, तरी त्याला घरी नेऊन नीट समजावलं ते प्रिस्किल्ला आणि अक्विला या तंबू शिवणाऱ्या जोडप्यानं.

विचारायचं कसं? मोघम बोललात तर समोरचा ‘हो हो, प्रार्थना करू’ म्हणेल आणि विषय संपेल. नेमकं बोला: ‘काका, मी मार्कचं शुभवर्तमान वाचतोय. महिन्यातून दोनदा तासभर भेटून मला चार प्रश्न विचाराल का? सहा महिने करून बघू.’ मुदत असली की हो म्हणायला सोपं जातं आणि जमलं नाही तर थांबायलाही.

चार प्रश्न हे: काय वाचलंस? त्यातलं काय केलंस? कुठं पडलास? घरी फोन केलास का? शेवटचा प्रश्न माझा आवडता आहे.

आता धोके. तुमचं लग्न कुणाशी व्हावं, नोकरी कुठं करावी, आईवडिलांशी बोलावं की नाही, हे जो ठरवू लागतो आणि वर ‘देवानं मला तुझ्याबद्दल दाखवलंय’ म्हणतो, त्याच्यापासून लांब व्हा. भेटी गुप्त ठेवायला सांगणाऱ्यापासूनही. मारहाण, लैंगिक त्रास किंवा फसवणूक झाली असेल तर ती केवळ प्रार्थनेनं मिटवायची गोष्ट नाही, पोलिसांकडे जा. आणि ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून दुसऱ्याची भानगड गटात पसरवायची जी आपली जुनी कला आहे, तिच्यापासून स्वतःलाही जपा. कॅथलिकांना पापनिवेदनाची (फादरांपुढे पापं कबूल करण्याची) सोय आहे, तिथं गुप्ततेचं बंधन कडक असतं. तरी रोजच्या वाटचालीसाठी एखादे फादर किंवा सिस्टर नियमित भेटल्या तर उत्तम.

५. आठवड्याला एक आज्ञा

वहीतल्या तिसऱ्या ओळींपैकी एक निवडा आणि आठवडाभर तीच पाळा. ‘प्रेमळ व्हायचं’ हे काम नव्हे. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर असं मत्तय ५:२३–२४ मध्ये आहे, तर काम असं: जमिनीच्या वाटणीवरून ज्या चुलतभावाशी बोलणं बंद आहे, त्याला शनिवारच्या आत फोन.

नोकरी करणाऱ्यांच्या परीक्षा बहुधा कागदावर होतात. कर वाचवायला दिलेल्या घरभाड्याच्या खोट्या पावत्या, न केलेल्या प्रवासाची बिलं, आजारपणाचा विकत घेतलेला दाखला, टाइमशीटमधले फुगवलेले तास. यांवर व्यासपीठावरून सहसा कुणी बोलत नाही. जक्कय या जकातदारानं मात्र येशू घरी आल्यावर थेट हिशेबच काढला: अर्धं गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत. तुम्हाला चौपटीपासून सुरुवात करायला नको. येत्या महिन्यापासून खोटी पावती द्यायची नाही, एवढं ठरवा आणि विचारणाऱ्या माणसाला सांगून ठेवा.

६. फोन आणि उपास

गजराचं घड्याळ यासाठीच घ्यायचं. फोन उशाशी असला की बायबलचं ॲप उघडेपर्यंत तीन ग्रुपांवर जाऊन आलेलं असतं. रात्री दुसऱ्या खोलीत किंवा निदान कपाटात ठेवा.

लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ, राखेच्या बुधवारी सुरू होतो. मधले रविवार वगळून चाळीस दिवस. मांसाहार सोडणं आपल्याकडे रुळलेलं आहे, त्याला जोडून संध्याकाळी सात ते नऊ फोन बंद ठेवून बघा. पहिल्याच आठवड्यात कळेल कुठला उपास जड जातो ते. फक्त स्टेटसला ‘उपवास सुरू’ टाकू नका, मत्तय ६:१६–१८ त्याबद्दलच आहे. मधुमेह, गरोदरपण किंवा रोजचं औषध असेल तर अन्नाचा उपास डॉक्टरांना विचारूनच.

७. पैसा

दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) ढोबळ पगारावर की हातात येणाऱ्या, यावर रात्रभर चर्चा करता येते. करू नका. एक ठरावीक भाग पगाराच्या दिवशीच बाजूला काढा आणि तो आधी स्वतःच्या मंडळीत, पावती घेऊन द्या. कर्जाचे हप्ते थकलेले असतील तर भाग लहान ठेवा, पण उसने काढून अर्पण देऊ नका. ‘इतकं बी पेरा, शंभरपट मिळेल’ म्हणत स्क्रीनवर क्यूआर कोड दाखवणाऱ्याला एक रुपयाही नको.

८. घरचे लोक

हे दुसऱ्या धर्माच्या घरातून आलेल्यांसाठी. टिळकांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या. ताटातूट झाली, हाल झाले, आणि लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो काही वर्षांनी, स्वतःच्या पायांनी चालत येऊन. घरच्यांना वेळ द्या. देवघरासमोर वाद घालू नका, आईच्या आजारपणात रजा टाकून जा. सणाचं जेवण, प्रसाद, आरतीला उभं राहणं यांबद्दल रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचे आठ ते दहा अध्याय पाळकांबरोबर बसून वाचा, व्हॉट्सॲपवर निकाल मागू नका.

एक व्यवहाराची गोष्ट. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो, ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर तो राहत नाही. शिक्षण किंवा नोकरी त्या दाखल्यावर असेल तर बाप्तिस्म्याआधी वकिलाला भेटा आणि पाळकांशीही मोकळेपणानं बोला. लपवाछपवी करून पुढं चालू, असा सल्ला देणारे भेटतील, तो घेऊ नका.

९. खंड पडला तर

पडणारच. मागचे राहिलेले प्रसंग भरून काढायला बसू नका, जिथं खूण आहे तिथून आजचा प्रसंग वाचा.

काही महिन्यांनी प्रार्थना कोरडी वाटू लागेल. तेव्हा तेरावं स्तोत्र वाचा, पहिल्या दोनच ओव्यांत दावीद चार वेळा ‘कोठवर?’ विचारतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, तरी ते बायबलमध्ये आहे. अशा दिवसांत नवीन सभा, नवीन उपदेशक, नवीन अभिषेक शोधत फिरण्याचा मोह होतो. त्यापेक्षा झोप किती होते ते मोजा. एलीया या संदेष्ट्यानं झुडपाखाली मरण मागितलं तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं आणि उठवून पुन्हा खायला दिलं (१ राजे १९). आठवडाभर वेळेवर जेवा, आठ तास झोपा, मग बघा. दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, भूक नसेल, कामात लक्ष लागत नसेल, तर डॉक्टरांची वेळ घ्या. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. खुर्च्या लावणाऱ्या त्या काकांना बरोबर चला म्हणा, ते येतील.